मानपत्रात 'रिस्पेक्टफुल' की 'रिस्पेक्टेबल'? आजच छापायला द्यायचंय

नमस्कार मंडळी,

आमचे गणिताचे सर या महिन्यात निवृत्त होतायत. माजी विद्यार्थ्यांतर्फे मानपत्र द्यायचं ठरलंय. मराठी मजकूर झाला, पण परदेशातल्या मुलांना इंग्रजीही हवा, तो माझ्या गळ्यात पडला. मी लिहिलं, 'ही इज अ रिस्पेक्टफुल टीचर'. भाचा म्हणाला, "मामा, याचा अर्थ सर सगळ्यांशी अदबीने वागतात." आता ते खोटं नाही (खडूचा तुकडा नेम धरून कपाळावर मारायचे, तो भाग सोडा). पण मला म्हणायचं होतं की आम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे.

मग 'रिस्पेक्टेबल' केलं. वंदनीय, पूजनीय, तसं आदरणीय, असा हिशेब. भाचा पुन्हा हसला. म्हणे, कॉमेंट्रीत 'रिस्पेक्टेबल टोटल' कधी म्हणतात? ६ बाद ८० वरून शेपटाने कसंबसं २०० पर्यंत नेलं की. लाज राखली, इतकंच. शब्दकोशात 'आदरणीय', 'प्रतिष्ठित', 'बऱ्यापैकी' सगळंच दिलंय. कुठला अर्थ धरू? छापखाना सातला बंद होतो.

प्रतिसाद : भाचा हुशार आहे. 'रिस्पेक्टफुल' म्हणजे आदर दाखवणारा. माणूसच नव्हे, कुणी गेल्यावर पाळलेली शांतताही 'रिस्पेक्टफुल' असते. 'रिस्पेक्टेबल'चा मूळ अर्थ तुम्ही धरलात तोच, आदरास पात्र. पण पुढे तो घसरत घसरत 'घरंदाज', 'चारचौघांत चालेलसा' इथवर आला. 'रिस्पेक्टेबल' कपडे म्हणजे भारी नव्हेत, फाटके-मळके नाहीत एवढंच. आपल्या 'आदरणीय'मधली माया त्यात उरलेली नाही. सरांना 'रिस्पेक्टेबल' म्हणालात तर कुणीतरी त्यांच्या चारित्र्याचा दाखला दिल्यासारखं वाटेल.

तुम्हाला तिसराच शब्द हवाय, 'रिस्पेक्टेड'. ज्याला लोक मान देतात तो. रजेच्या अर्जात 'रिस्पेक्टेड सर' लिहीत आलोच की आपण! (इंग्लंडात तिथे 'डिअर सर' लिहितात, ती गोष्ट वेगळी.)

धागाकर्ता : दहावीपर्यंत दर आजारपणात लिहिला आणि आज आठवला नाही! 'मच रिस्पेक्टेड' की 'हायली रिस्पेक्टेड'?

प्रतिसाद : दोन्ही चालतात, 'हायली' जास्त कानावर पडतं. आणि खाली सहीच्या वर 'युवर्स रिस्पेक्टिव्हली' नको हं, ते 'अनुक्रमे आपले' होतं. 'रिस्पेक्टफुली' लिहा.

धागाकर्ता : अनुक्रमेच लिहिलं होतं. बदललं. पळतो छापखान्यात.