कुत्र्याला ऐकू येत नाही, की तो ऐकत नाही? (नाशिक)

गोदाकाठची

आमच्याकडे ल्हासा आहे. नाव गुंड्या, वय साडेनऊ, वजन साडेसात किलो, स्वभाव नावाप्रमाणे. राहायला गंगापूर रोड, तिसरा मजला.

गेले चार-पाच महिने हाक मारली तर येत नाही. मान वळवत नाही, कान हलवत नाही. घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, "सगळं ऐकू येतं मेल्याला, तुम्ही लाडावून ठेवलाय." नवरा म्हणतो वय झालं. मी सकाळी एका तटात असते आणि संध्याकाळी दुसऱ्या.

पुरावे दोन्हीकडचे आहेत. पूर्वी घंटागाडीचं गाणं कोपऱ्यावर वाजलं की हा गॅलरीत जाऊन सगळ्या सोसायटीला उठवायचा. आता गाडी गेटशी थांबून निघून जाते, हा लोळतोय. कुकरच्या शिट्टीला दचकायचा, ते बंद झालं. दरवर्षी दिवाळीत पलंगाखाली असतो, यंदा सोफ्यावर घोरत होता. आम्ही तर खूश झालो होतो, धीट झाला म्हणून.

आता उलट बाजू. फ्रिज उघडला की हजर. दीर बुलेटवरून आला की हा दाराशी आधीच उभा. पाडव्याला स्वागतयात्रेचं ढोलपथक खालून गेलं तेव्हा ताडकन उठून बसला. आणि सगळ्यात लागणारी गोष्ट म्हणजे नवऱ्याने हाक मारली तर कधीमधी येतो, माझ्या हाकेला अजिबात नाही. खाऊ मी घालते!

एका दवाखान्यात विचारलं तर कान न बघताच "एजिंग आहे" म्हणून वाटेला लावलं. घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि नाशकात नीट कान तपासून देणारं कोणी माहीत आहे का?

सिडकोकर

आमच्या पगनं आम्हाला वर्षभर असंच गंडवलं. बहिरा झाला म्हणून हळहळत होतो. एक दिवस बायको आतल्या खोलीतून फोनवर आईला हळूच म्हणाली, "संध्याकाळी त्याला भूर नेते." साहेब पट्टा तोंडात धरून दारात.

नंतर लक्षात आलं की आम्ही त्याला नावानं बोलवायचो ते आंघोळीला, नखं कापायला नाहीतर गोळी द्यायला. नाव ऐकलं की सटकायचं हे त्याला कळलं होतं. आम्ही नावच बदललं. आता नवीन नावाला येतो, जुन्याला आजही ठार बहिरा.

तेव्हा आधी 'भूर' करून बघा. मागून, हळू आवाजात, पट्ट्याला हात न लावता.

टिंगूची आई

सिडकोकर, हसून हसून पुरेवाट! पण ताई, आमचा अनुभव अगदी उलटा आहे. आमची टिंगू डॅशहंड, अंगावर राखाडी ठिपके. सोमेश्वरला मोकळी सोडून हाक मारली की गरगर फिरायची आणि भलत्याच दिशेला धावत सुटायची. आम्ही तिला वेंधळी म्हणायचो, दोनदा रागावलोसुद्धा. ती एका कानानं बहिरी आहे हे तिसऱ्या वर्षी कळलं. आवाज येतो, कुठून येतो ते कळत नाही. रागावल्याचं अजून वाईट वाटतं.

धुळेकर पशुवैद्य

पशुवैद्यक आहे, प्रॅक्टिस धुळ्याला, त्यामुळे गिऱ्हाईक पळवायचा आरोप होणार नाही.

'आमचा कुत्रा ऐकत नाही' असं सांगत लोक येतात तेव्हा मी आधी विचारतो, यातलं कुठलं 'ऐकत नाही'? मराठीनं दोन्हीला एकच शब्द दिलाय आणि निम्मा घोटाळा तिथूनच होतो.

ताई, तुमची यादी पुन्हा वाचा. गेलं काय? कुकरची शिट्टी, घंटागाडीचं गाणं. राहिलं काय? बुलेट आणि ढोल. हे दोन्ही खर्जातले आवाज. नाशिक ढोल तर कानाआधी पोटात वाजतो, फरशीतून पायाला कळतो. म्हातारपणी कुत्र्याचं ऐकणं कमी होतं ते आधी मधल्या आणि वरच्या पट्टीतलं. तरुण कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, माणसाला २०,०००. त्यातले अगदी वरचे आवाज जातात तेव्हा आपल्याला पत्ताच लागत नाही, कारण ते आपल्याला मुळात ऐकू येत नव्हते. तुमच्या यजमानांच्या हाकेला तो येतो त्याचं कारणही आवाजाची पट्टी असू शकेल. मन लावून घेऊ नका.

फ्रिजचा पुरावा मी धरत नाही. वास असतो, तुमची चाल असते, वेळ ठरलेली असते. कुत्रा घड्याळासारखा फ्रिजपाशी येतो.

सांगायचं ते असं की थोडं ऐकू येणारा कुत्रा हुबेहूब हट्टी कुत्र्यासारखा दिसतो. काही ऐकतो, काही सोडतो, आणि आपल्याला वाटतं निवडून ऐकतोय.

परीक्षा अशी घ्या. तो गाढ नाही पण डुलकीत असताना, फरशीवर नाही तर गोधडीवर असताना. पंखा बंद. एक जण समोर लांब बसून फक्त त्याच्या कानांकडे बघेल, मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर उत्तम, कारण कानाची ती बारीक हालचाल नजरेतून निसटते. दुसरा त्याच्या मागे दाराआड. आधीपासून तिथे उभं राहायचं, चालत जायचं नाही. मग किल्ल्यांचा जुडगा एकदाच वाजवा. दहा-पंधरा मिनिटांनी स्टीलच्या वाटीवर चमचा. नंतर शिट्टी, मग जाड आवाजात हाक. टाळी वाजवू नका, जवळून वाजवली तर हवा लागते. पाय आपटू नका. बिस्किटाचा पुडा वाजवायचा तर न फोडलेला. आणि एकच आवाज चार-चारदा नको, कुत्री दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला कंटाळतात आणि मग ऐकू येणाराही दाद देत नाही.

कान हलला, डोळा उघडला, श्वास क्षणभर थांबला तरी ते 'ऐकू आलं' धरायचं. तुमच्याकडे आलाच पाहिजे असं नाही. येणं न येणं हा त्याचा स्वभाव, कान हलणं त्याच्या हातात नाही.

मांजरवाला

मांजरांना वरची एकही परीक्षा लागू नाही. ती जन्मतःच ऐकत नाहीत, दोन्ही अर्थांनी.

गोदाकाठची

सर, मनापासून आभार. काल आणि आज मिळून परीक्षा घेतली. भाचा दाराआड, मी मोबाइल घेऊन.

किल्ल्या: काही नाही. वाटी-चमचा: काही नाही. शिट्टी: काही नाही. नवऱ्याची जाड हाक: डावा कान किंचित हलला, तोही व्हिडिओ दोनदा पाहिल्यावर दिसला. 'भूर' मी मागून म्हटलं, ढिम्म. समोर येऊन ओठ न हलवता नुसता पट्टा दाखवला तर नाचायला लागला. सासूबाई बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, आत जाऊन त्याला दूधपोळी कुस्करून आणली.

आता त्या म्हणतायत कानात लसूण घालून कडवलेलं कोमट तेल सोडू या, मळ बसला असेल. सोडू का?

धुळेकर पशुवैद्य

नको. सासूबाईंना सांगा, मळाचा अंदाज बरोबर असू शकतो, इलाज नको.

कुत्र्याची कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. वरून सोडलेलं तेल त्या वळणावर मळाला धरून बसतं. ल्हासा, शिह त्झू, पूडल यांच्या नळीत केसही असतात, म्हणजे बोळाच तयार. इअरबडनं तर मळ आणखी आत ढकलला जातो.

मला सांगा: कान खाजवतो का? डोकं झटकतो का? आतून आंबूस वास, तपकिरी मळ?

गोदाकाठची

झटकतो, विशेषतः पावसाळ्यापासून. वास येतो. मला वाटायचं ल्हासाचा वासच असा असतो.

धुळेकर पशुवैद्य

तसा नसतो. मग वयावर सगळं ढकलण्याआधी कान बघितलाच पाहिजे. बुरशी, जंतू, मळ यानं वाट बुजली असेल तर आवाज आत पोचत नाही, आणि ते बऱ्याचदा सुधारतं. आतली नस किंवा पेशी गेल्या असतील तर परत येत नाहीत. दोन्ही एकाच कुत्र्यात असू शकतं, साडेनऊ वर्षांच्या ल्हासात मला त्याचं नवल वाटणार नाही.

एक सांभाळा. ऑटोस्कोपनं, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या दुर्बिणीनं, कानाचा पडदा शाबूत आहे का हे बघितल्याशिवाय कोणी थेंब लिहून दिले तर थांबा आणि विचारा. जेंटामायसिन, निओमायसिनसारखी औषधं पडदा फाटलेला असताना आत गेली तर त्यांनीच ऐकणं जाऊ शकतं. घरात मागच्या वेळची अर्धी बाटली असेल तर ती टाकून द्या.

कृषीनगर ट्रॅक

दवाखान्याबद्दल: कॉलेज रोडच्या बाजूला आम्ही जातो त्या डॉक्टरांचं नाव ताईंना खाजगी निरोपातून कळवलंय, इथे जाहिरात नको. कुठेही जा, फोनवर दोनच गोष्टी विचारा. ऑटोस्कोप आहे का, आणि कानातला मळ स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघता का. "हो, या" म्हणाले तर जा. "त्याची गरज पडत नाही" म्हणाले तर पुढचा नंबर लावा. माझी निवड याच दोन प्रश्नांवर झाली, चार दवाखान्यांनंतर.

दुसरं, मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते मोजणारी 'बेअर' नावाची चाचणी असते. डोक्याच्या कातडीखाली बारीक सुया लावून एकेका कानाची वेगळी करतात. ती सगळीकडे होत नाही. हवीच असेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोनवर चौकशी करा, नाहीतर गाडी काढून मुंबईला जाल आणि हात हलवत परत याल.

टिंगूची आई

या वयाच्या कुत्र्याला ती चाचणी हवीच का पण? पिल्लांचं समजू शकते, डाल्मेशियन वगैरे.

धुळेकर पशुवैद्य

टिंगूची आई, बरोबर. गुंड्याला मी तरी नेणार नाही, उत्तर कळून उपचार बदलणार नसेल तर प्रवास कशाला. पिल्लांचं वेगळं. आतल्या कानाला रंगपेशी लागतात. ज्या रंगांच्या जनुकांमुळे अंगावर पांढरं किंवा ठिपके येतात, त्यांच्यामुळे कधी कधी कानातही त्या पेशी नसतात, आणि पिल्लू काही आठवड्यांचं होईतो कान जातो. तुमच्या टिंगूचे राखाडी ठिपके त्यातलेच असावेत. असे ठिपकेवाले दोन डॅशहंड एकमेकांना लावू नयेत म्हणतात ते यासाठीच. काही पिल्लं आंधळी-बहिरी निघतात.

मखमलाबादचा

ल्हासाला हातवाऱ्यावर शिकवणं सोपं आहे, आमच्या म्हाताऱ्या पॉमला शिकवलं. तळहात खाली म्हणजे बस, हात छातीशी ओढला म्हणजे ये. प्रत्येक वेळी बक्षीस द्यायचं. आमच्या मळ्यातले बेदाणे खिशात ठेवायचो, फार आवडायचे.

धुळेकर पशुवैद्य

बेदाणे नको!! द्राक्षंही नको, मनुकाही नको. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर होईल ते आधी सांगता येत नाही. एकाला पचलं म्हणून दुसऱ्याला पचेल असं नाही. नाशिकच्या लोकांना हे दरवर्षी हंगामात सांगावं लागतं. उकडलेलं चिकन, पनीरचा कण, गाजराचा तुकडा, काहीही द्या.

मखमलाबादचा

बाप रे. माहीत नव्हतं. आमचं नशीब म्हणायचं. पण हातवाऱ्यांचं खरंच करून बघा ताई.

गोदाकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय. कृषीनगर ट्रॅक यांनी सुचवलेल्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही प्रश्न फोनवर विचारले, हसून "या" म्हणाले.

उजवा कान पूर्ण बुजलेला होता. स्लाइडवर बुरशी. पडदा दिसेपर्यंत साफ करायला गुंगी द्यावी लागली, पडदा शाबूत निघाला. डाव्यात मळ थोडाच होता. थेंब चौदा दिवस, मग पुन्हा तपासणी. काल झाली.

परत तीच परीक्षा घेतली. किल्ल्यांना आता उजवा कान हलतो! वाटी-चमच्याला कधी हलतो, कधी नाही. शिट्टी अजून नाही, घंटागाडीही नाही. डॉक्टर म्हणाले, मळाचं होतं ते निघालं, उरलंय ते वयाचं. माझ्या हाकेला अजूनही येत नाही. पण हात छातीशी ओढला की येतो.

सासूबाईंनी स्वतःची खूण काढलीय, पदर झटकायचा. त्याला ती माझ्या खुणेआधी कळली. झोपेतून उठवताना मात्र त्यानं भाच्याच्या हातावर दात लावले, लागलं नाही, पण दोघंही घाबरले.

धुळेकर पशुवैद्य

तो चावरा झालेला नाही, दचकला. झोपलेल्याला एकदम हात लावू नका. गोधडीची कड दाबा, किंवा हात नाकाशी धरा, वास जाऊ द्या. भाच्याला हेच शिकवा, आणि शिकेपर्यंत दोघांना एकटं सोडू नका. बाहेर पट्ट्याशिवाय अजिबात नाही, गाडीचा हॉर्न त्याच्या भरवशावर ठेवू नका. रात्री गच्चीवर बोलवायला टॉर्चची उघडझाप चालते.

गोदाकाठची

हो, गल्लीतसुद्धा पट्टा सुरू केलाय. एक शेवटचं: गळ्यात अडकवायची 'ऐकू येत नाही' असं कोरलेली पत्र्याची पाटी कुठे करून मिळेल?

सिडकोकर

ट्रॉफ्या, मेडल करणारा कोणीही कोरून देतो, मेन रोडला दोन-तीन दुकानं बघितल्याचं आठवतं. मागच्या बाजूला फोन नंबर टाका. आणि 'ऐकत नाही' नका लिहू, 'ऐकू येत नाही' असंच पूर्ण लिहा. आमच्या पगला पहिली लागू आहे.