बालसैनिकाचं आत्मकथन आठवी ते दहावीच्या मुलांपुढे ठेवलं आणि भलताच प्रश्न आला

मेघना_मिरज

आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात मी रविवारी सकाळी आठवी ते दहावीच्या मुलांचा वाचनगट चालवते. यंदा धाडस करून इश्माएल बेह यांचं 'अ लाँग वे गॉन' घेतलं. पुस्तक इंग्रजी आहे. मी घरी वाचून येते, मराठीत सांगते आणि मधले काही उतारे मुलं स्वतः वाचतात.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. देश सिएरा लिओन, जानेवारी १९९३. बारा वर्षांचा इश्माएल थोरल्या भावाबरोबर आणि मित्रांबरोबर मोगब्वेमो गावातून मात्रू जाँगला निघतो. तिथे रॅप आणि नाचाची स्पर्धा असते. उद्या परत यायचंच आहे म्हणून घरी सांगायचीही तसदी कोणी घेत नाही. मागे गावावर आर.यू.एफ. या बंडखोरांचा हल्ला होतो आणि घर कायमचं सुटतं. मग जंगलातून, या गावातून त्या गावात नुसती वणवण. पोरांची टोळी दिसली की गावकरी धसका घेतात, कारण अशाच पोरांच्या हातात बंदुका असतात. एका ठिकाणी तर यांना पकडतातच. खिशात रॅपची कॅसेट सापडते, ती वाजवून बघतात, पोरं नाचून दाखवतात आणि जीव वाचतो. इथे माझ्या गटातल्या मुली अक्षरशः श्वास रोखून ऐकत होत्या.

पुढे सरकारी सैन्यच यांच्या हातात एके-४७ देतं. आणि तिथून सगळं फिरलं. पहिला प्रश्न: "मॅडम, एकूण किती मारले त्याने?" दुसरा: "ब्राऊन ब्राऊन म्हणजे नक्की काय?" (कोकेन आणि बंदुकीची दारू एकत्र करून हुंगायला देत. सांगितलं मी, लपवायचं काय.) तिसऱ्याने फ्री फायर या मोबाईल गेममधल्या बंदुकांची नावं सांगायला सुरुवात केली, आणि मागच्या बाकावर चक्क हशा. मी 'निरागसता हरवते तेव्हा' असं फळ्यावर लिहून चर्चेची तयारी करून गेले होते. तास संपायच्या आधीच ते पुसलं.

वर एका पालकांनी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की हे पुस्तक वादग्रस्त आहे, तारखा जुळत नाहीत, मुलांना खोटं का शिकवता?

तर विचारायचं असं: पुस्तक थांबवू का? थांबवायचं नसेल तर पुढे कसं नेऊ? आणि त्या पालकांना काय सांगू?

---

जुना_वाचक

थांबवा. मी कॉलेजात शिकवलंय, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनाही हे झेपत नाही. कैद्यांचे गळे चिरायची स्पर्धा लावतात आणि आपला निवेदक ती जिंकतो, हे तुम्ही चौदा वर्षांच्या पोराला वाचून दाखवणार? युद्धाबद्दलच सांगायचं असेल तर घर सोडून पळालेल्या मुलांच्या कितीतरी गोष्टी आहेत. मारणाऱ्याच्या तोंडून कशाला?

---

तळटीप

वादाबद्दल एवढंच. २००८च्या जानेवारीत 'द ऑस्ट्रेलियन' या दैनिकाने बातम्यांची मालिका छापली. त्यांचं म्हणणं, मात्रू जाँगवर आणि जवळच्या सिएरा रुटाइल खाणीवर हल्ला झाला तो जानेवारी १९९५मध्ये, १९९३मध्ये नव्हे. म्हणजे बेह पळाला तेव्हा बारा नाही, चौदा वर्षांचा होता आणि सैन्यात दोन वर्षं नाही, काही महिनेच राहिला. बेह आणि त्याचे प्रकाशक मूळ तारखांवर ठाम राहिले.

माझं मत विचाराल तर वृत्तपत्राच्या तारखा मला जास्त पटतात. खाणीवरचा हल्ला ही कागदोपत्री नोंदलेली घटना आहे. पण याने सिद्ध काय होतं ते बघा. वृत्तपत्राच्या तारखा धरल्या तरी चौदाव्या वर्षी घर गेलं आणि पंधराव्या वर्षी बंदूक हातात आली, हे उरतंच. जानेवारी १९९६मध्ये युनिसेफने त्याला सैन्यातून बाहेर काढलं आणि राजधानी फ्रीटाउनमधल्या बेनिन होम या पुनर्वसन केंद्रात ठेवलं. अंमली पदार्थांच्या धुंदीत, झोपेविना, कॅलेंडर न बघता गेलेला काळ हा माणूस मोठेपणी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत लिहून काढतो. तो महिन्यांचा हिशोब बरोबर लावेल अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. मात्र पानभर लांबीचे संवाद जसेच्या तसे आठवतात, हे लेखकाने रचलेलं आहे. ते मुलांना जरूर दाखवा. आत्मकथन कसं लिहिलं जातं हे कळायला त्याहून चांगली जागा नाही.

पालकांना ही लिंक नाकारू नका. गटातच वाचा म्हणावं.

---

फौजी_कोरेगाव

ताई, नमस्कार. मी सिग्नलचा माणूस, आता रिटायर. २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सिएरा लिओनला होतो, मोआ नदीच्या काठी दारू नावाच्या गावी. (हो, नाव तेच आहे. घरी पत्रात "मी सध्या दारूत आहे" लिहिलं तेव्हा आमच्या आबांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं.) त्या वर्षी मे महिन्यापासून पुढे कैलाहूनला आमच्या गोरखा पलटणीच्या दोन कंपन्या आर.यू.एफ.ने अडीच महिने वेढून ठेवल्या होत्या. जुलैत भर पावसात ऑपरेशन खुकरी करून त्यांना बाहेर काढलं. पण ते सांगायला हे लिहीत नाही.

त्या पोरांबद्दल सांगतो. तिकडे स्मॉल बॉईज युनिट म्हणत. रस्त्यावर चेकपोस्ट म्हणजे काय, तर दोन बांबू आणि मधे एक दोरी. दोरी खाली-वर करायला एक पोरगं. दहा-अकराचं असेल, अंगात मोठ्या माणसाचा टी-शर्ट, पायात हवाई चप्पल, त्याही दोन वेगळ्या. गळ्यात बंदूक. आम्ही तिथल्या क्रिओ भाषेत "हाउ डि बॉडी" म्हणायचो, म्हणजे कसं काय, बरं आहे ना. कधी हसायचं, कधी नुसतं बघायचं. एक नेहमी सेल मागायचा. टॉर्चचे, ट्रान्झिस्टरचे, कसलेही. बिस्किटांचा पुडा दिला तर घ्यायचा, पण परत बोट दाखवून सेलच. आमच्यातल्या एकाने त्याला एकदा लाडाने डोक्यावर टपली मारली. पोराने बंदुकीची नळी वर केली. चेहरा तोच, बिस्कीट खातानाचा. आम्ही तिथून हळूच निघालो.

मुलीने मला हे पुस्तक आणून दिलं. माझं इंग्रजी फौजी, डिक्शनरी घेऊन वाचलं. जुना_वाचक साहेबांचा मान राखून सांगतो, मारणाऱ्याच्या तोंडूनच ऐकायला पाहिजे. निरागसता गेली, निरागसता गेली असं आपण म्हणतो. त्या पोरांकडून काय गेलं हे आपल्याला दिसतं, पण त्यांना मिळालं काय हे कोणी बघत नाही. पुस्तकातला लेफ्टनंट जबाती आठवा. सावलीत बसून शेक्सपिअर वाचणारा, मुलांशी नीट बोलणारा. आई नाही, बाप नाही, भाऊ कुठे गेला पत्ता नाही, गावोगाव हाकलून दिलेलं पोर, आणि एक मोठा माणूस त्याला नावाने हाक मारतो, जेवायला घालतो, नवे बूट देतो, शाबास म्हणतो. तालमीत पोरक्या पोराला वस्ताद मिळावा तसं. केळीच्या झाडात संगीन खुपसायला लावतात आणि सांगतात, हा बघ तुझ्या आईबापाला मारणारा. शिकवायचं तंत्र बघा. ट्रेनिंग मीही घेतलंय आणि दिलंय. अठरा वर्षांच्या पोराला संगीन शिकवताना आम्ही राग पेटवत नाही, राग काबूत ठेवायला शिकवतो. इथे उलटं केलं. रात्री रॅम्बोचे सिनेमे, दिवसा त्याचीच नक्कल.

म्हणून तुमची पोरं हसली, बंदुकांची नावं सांगायला लागली, त्याने मला धक्का बसला नाही. पुस्तकातल्या पोरांनाही ते भारीच वाटत होतं. लेखकाने ते लपवलेलं नाही, हाच त्याचा खरेपणा. तारखा गेल्या खड्ड्यात.

---

मेघना_मिरज

काका, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. मला माझ्या फळ्यावरच्या मथळ्याची आता लाज नाही वाटत, पण तो अपुरा होता हे कळलं. तळटीप, लिंक गटात वाचायची कल्पना घेतेय. पण बंदूक 'भारी' वाटते इथपर्यंत मुलं आलीच आहेत. तिथून पुढे न्यायचं कसं?

---

फौजी_कोरेगाव

पुढच्या भागात उडी मारा. लढाईची पानं वाचून दाखवू नका, ती त्यांची ती वाचतील, नाही म्हटलं तरी वाचतील. गटात बेनिन होम वाचा. खरं पुस्तक तिथे आहे.

युनिसेफवाले न्यायला येतात तेव्हा या पोरांना सुटलो असं वाटत नाही. लेफ्टनंटने आपल्याला देऊन टाकलं, असं वाटतं. पहिल्याच रात्री सरकारी बाजूची पोरं आणि बंडखोरांची पोरं समोरासमोर येतात, मारामारी होते, मुडदे पडतात. नशेच्या गोळ्या बंद झाल्या की अंग थरथरतं, डोकं दुखतं. सेंटरमध्ये काम करणाऱ्या माणसांना मारतात, चावतात. वह्यापुस्तकं दिली तर जाळतात. आणि ती माणसं पट्ट्या बांधून परत येतात नि म्हणतात, यात तुझा दोष नाही. या वाक्याची पोरांना चीड येते. तुमच्या पोरांना एवढंच विचारा: चीड का येते? आम्ही घरी यावर बोललो. मुलगी म्हणाली, दोष नाही म्हटलं की पराक्रमही नाही, नुसतं वापरलेलं पोर उरतं. मला ते पटलं.

आणि कॅसेटींचा माग काढायला लावा. गावात जीव वाचवला त्या कॅसेटी, सैन्याने नवे कपडे दिले तेव्हा जुन्या पँटबरोबर आगीत गेल्या. सेंटरमधली एस्थर नावाची नर्स त्याला वॉकमन आणि रन-डीएमसी या रॅप गटाची कॅसेट आणून देते. तो गाणी ऐकतो आणि ती तपासून घेते. त्याच्याशी बोलायला तिला तोच रस्ता सापडला.

---

अ‍ॅड_शर्वरी

एक गोष्ट कोणीच काढली नाही: मुली. सिएरा लिओनमध्ये शस्त्रं खाली ठेवताना अधिकृत नोंद झाली सुमारे ६,८०० मुलांची, आणि त्यात मुली शंभरात दहाही नाहीत. मुली नव्हत्या म्हणून नाही. कमांडरची 'बायको' म्हणून ठेवलेली, स्वयंपाक करणारी, ओझी वाहणारी, कधी बंदूकही चालवणारी मुलगी कोणाच्या यादीत बसली नाही. गटात मुली आहेत म्हणता, तर चायना केइतेत्सी यांचं आत्मकथन पाहा. युगांडातल्या, नऊच्या आसपास वय असताना, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुसेवेनींच्या बंडखोर सैन्यात गेलेल्या. पण ते तुम्ही आधी स्वतः वाचा. त्यातला छळ शत्रूकडून कमी आणि आपल्याच वरिष्ठांकडून जास्त आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलीसमोर तो कसा मांडायचा हा वेगळा प्रश्न आहे.

"किती मारले?" या प्रश्नाला कायद्याचंही एक उत्तर आहे, मुलांना ते आवडतं, मी एका शिबिरात पाहिलंय. सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाला पंधरा ते अठरा वयाच्या आरोपींवर खटले चालवायची मुभा होती. सरकारी वकील डेव्हिड क्रेन यांनी जाहीर केलं, मुलांवर चालवणार नाही. ज्यांनी मुलं भरती केली त्यांच्यावर चालवले. जून २००७मध्ये तीन जणांना शिक्षेपात्र ठरवलं, आंतरराष्ट्रीय न्यायालयात बालभरतीसाठी दोषी ठरण्याची ती पहिली वेळ. शेजारच्या लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर २०१२मध्ये दोषी ठरले, पन्नास वर्षं.

आणि मग त्यांना डॉमिनिक ओंगवेन सांगा. युगांडातला, शाळेच्या वाटेवरून बंडखोर टोळीने पळवून नेलेला मुलगा, पुढे त्याच टोळीचा कमांडर झाला आणि त्याने स्वतः मुलं पळवली. हेगच्या न्यायालयाने २०२१मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. जन्मठेप नाही, कारण न्यायाधीशांनी त्याचं पळवलेलं बालपण जमेस धरलं. पंचवीस जास्त की कमी, यावर माझ्या शिबिरातली मुलं जेवणाची घंटा झाली तरी उठली नव्हती.

---

जुना_वाचक

मत पूर्ण बदललं नाही, पण बेनिन होमपासून वाचायची कल्पना मान्य. आठवीतल्यांना मात्र वेगळं बसवा. तेरा आणि पंधरात फार अंतर असतं.

---

मेघना_मिरज

आठवीचा गट वेगळा करते, हे बरोबर आहे. ओंगवेन दहावीसाठी ठेवते. त्या पालकांनाच येत्या रविवारी बोलावलंय, लिंक त्यांनीच वाचून दाखवावी असं सुचवलं, हो म्हणाले.

फौजी काका, एक विनंती. मिरजेला याल का? मुलांना तुम्हाला प्रश्न विचारता येतील. बंदुकीचेही विचारतील, आधीच सांगते.

---

फौजी_कोरेगाव

येतो. शनिवारी कोयनेने निघतो, मुक्कामाला मेव्हण्याचं घर आहे. पदकं-बिदकं लावून बसवू नका आणि हार-नारळ नको. बंदुकीचे प्रश्न विचारू देत. मॅगझीन भरलेली एके साडेचार किलोच्या आसपास भरते. दप्तरात तेवढं वजन घालून ठेवा, आणि ते गळ्यात अडकवून तास संपेपर्यंत उभं राहायला कोण तयार आहे ते आधी विचारून घ्या. पुस्तकात बंदूक दिलेलं सात वर्षांचं पोरही आहे.