मदत हवी आहे: जुन्या सागवानात स्क्रू अर्ध्यावरच अडकतोय

इंदुरात रामबागेतल्या जुन्या घराची दारं उतरवली, त्यातल्या सागवानी फळ्या पडून होत्या. त्यांचं ओसरीत बसायला छोटं बाकडं करायला घेतलंय. मला स्वतःच करायचंय, तेव्हा "मिस्त्री बोलवा" सोडून कुठलाही सल्ला चालेल.

फळी 20 मिमी जाड, पाय चौकटीच्या लाकडाचे. खिळा कडेपासून बोटभर आत घेतला तरी फळी तंतूंच्या रेषेत सरळ चिरते. मग सियागंज बाजारातून काळे स्क्रू आणले, पीओपीवाले वापरतात ते. निम्मे जातात आणि अडतात. जोर लावला की डोक्यावरची खाच गुळगुळीत. एकाचं तर मुंडकंच तुटलं. दुकानदार म्हणे, "भिया, साबुन लगाओ, मक्खन जैसा जाएगा." लावला. मक्खन काही झालं नाही.

आधी भोक पाडायचं तर किती मिमीचं? आणि पायाच्या कापलेल्या तोंडात वरून उभा स्क्रू मारला तर धरेल, की फेविकॉलवर भरवसा ठेवू?

प्रतिसाद १
ते काळे स्क्रू जिप्सम बोर्डाचे. कडक पण ठिसूळ, सागवानात पीळ बसला की तुटतात. शिवाय ओसरीत पावसाळ्यात गंजतील. स्टेनलेसचे लाकडाचे स्क्रू घ्या, 8 नंबर, 50 मिमी. 20 फळीत, 30 खालच्या लाकडात.

भोकं दोन मापांची लागतात. फळीत 4.5 मिमी, म्हणजे स्क्रू त्यातून सैल जाईल. खालच्या लाकडात 3 मिमी, म्हणजे आट्यांना (स्क्रूवरच्या पिळांना) धरायला लाकूड उरेल. फळीतलंही भोक बारीक ठेवलं तर आटे दोन्हीकडे पकडतात आणि कितीही आवळा, मधली फट मिटत नाही. ड्रिलचं हॅमरचं बटण बंद करा. भिंतीचा बिट चालणार नाही, लाकडाचा वेगळा घ्या. साबण ओल धरतो, त्यापेक्षा आट्यांवर मेणबत्ती घासा. आणि जुनी दारं आहेत, आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा असला तर बिट गेला म्हणून समजा.

प्रतिसाद २
पायाच्या तोंडात उभा स्क्रू नको. तिथे तो रेषेच्या दिशेनेच जातो, आटे तंतू कापतात, पकड कमी मिळते. फेविकॉलही तिथे शोषला जातो. दोन पायांना आडवी पट्टी जोडा, स्क्रू पायाच्या बाजूत, रेषेला आडवा. मग बैठकीची फळी वरून स्क्रूने त्या पट्टीवर आवळा. पट्टी आणि पाय जिथे टेकतात तिथे रंधा मारून ताजं लाकूड काढा आणि लगेच फेविकॉल लावा. सागवान तेलकट, जुन्या पृष्ठभागावर नीट चिकटत नाही.

खिळे वापरायचेच तर टोकावर हातोडीचा एक हलका ठोका देऊन ते बोथट करा. टोकदार खिळा तंतू फाकवतो, बोथट चिरडत जातो. सगळे एकाच रेषेत मारू नका, मागेपुढे ठेवा.

धागाकर्ता
पट्टी पायांच्या आतल्या बाजूने लावू का? तिथे ड्रिल मावत नाही.

प्रतिसाद २
मग बाहेरून लावा. डोकं दिसायला नको असेल तर भोकाचा वरचा थोडा भाग मोठ्या बिटने रुंद करा, स्क्रू आत बसवा आणि वर त्याच सागवानाची डाट (भोक बुजवणारा गोल तुकडा) ठोका. डाटीची रेष पट्टीच्या रेषेला जुळवून घ्या.