अर्धवट कळण्याचा जाच

'अज्ञानात सुख असतं, माणसाला फार कळूच नये' हे मत मला अर्धंच पटतं. शंकेची पाल चुकचुकली नसेल तोवर ठीक. एकदा चुकचुकली की तेच अज्ञान जीव खातं. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार आई-वडिलांपैकी एकाला असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के, आणि तो बरा करणारा उपाय आजही नाही. अशा कुटुंबांतल्या लोकांची कॅनडातली एक पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. आजार होण्याचा धोका किती, हे सांगणाऱ्या चाचणीनंतर वर्षभराने पाहिलं, तर धोका वाढल्याचं कळलेले लोकसुद्धा निश्चित काहीच न कळलेल्यांपेक्षा कमी खिन्न होते. वाईट बातमी मिळालेले, बरं का!

आईच्या गाठीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, तेव्हा हे मी घरातच पाहिलं. ती रोज तेच कपाट आवरायला काढायची, घातलेली घडी मध्येच पुन्हा उलगडायची. रिपोर्ट चांगला नव्हता. पण त्या संध्याकाळी तिने वही घेतली, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न एकाखाली एक लिहिले आणि आठवड्यात पहिल्यांदाच रात्रभर झोपली.