'मान्यता' कोण कोणाला देतं?

जळगाव :
आंतरराष्ट्रीय संबंधांच्या नोट्समध्ये 'नवस्वतंत्र राज्यांना राजनैतिक मान्यता' असा मथळा आहे. माझ्याबरोबर एमपीएससीचा अभ्यास करणारी एक जण त्याचा अर्थ तेलंगण, झारखंड असा लावते आणि राजनैतिक म्हणजे राजकीय पक्षांची, असं म्हणते. तिला नीट कसं समजावू? शिवाय वर्तमानपत्रात येते ती 'तत्त्वतः मान्यता' आणि डी फॅक्टो मान्यता एकच का?

भुसावळ :
राजनैतिकचा घोळ हिंदीने घातलाय. बऱ्हाणपूर इथून रेल्वेने तासाभरावर, त्यात घरोघरी हिंदी बातम्या. हिंदीत 'राजनीतिक' म्हणजे राजकीय, आणि वकिलातीच्या कामाला 'राजनयिक'. मराठीत दूतावास, राजदूत, करारमदार हे सगळं राजनैतिक. 'राज्य' हा मात्र राज्यशास्त्राचा हट्ट आहे, तिथे सार्वभौम देशाला राज्य म्हणतात. १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराने राज्याच्या चार खुणा सांगितल्या : कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, शासन, आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. तेलंगणाकडे पहिल्या तिन्ही आहेत, चौथी नाही. मैत्रिणीला एवढं सांगा. आणि उत्तरपत्रिका सोडून कुठेही लिहिताना सरळ 'देश' लिहा, कोणी मारत नाही.

पारोळा :
शाळेत लिपिक म्हणून निवृत्त झालो, म्हणून विचारतो. आमच्याकडे तुकडीची मान्यता, दरवर्षीची संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर ते), शिक्षकाची वैयक्तिक मान्यता. शिक्षणाधिकाऱ्यांचा जावक क्रमांक पडलेला कागद आला की माणूस शिक्षक; तोवर कितीही फळा खरडा, पगारपत्रकात नाव नाही. मग देशांचा तो कागद कोण काढतं? युनो?

धुळे :
नाना, इथेच हा शब्द फसवतो. शाळेची मान्यता वरून खाली येते. देशांच्या वर कार्यालयच नाही. प्रत्येक देश आपापल्यापुरती मान्यता देतो.

बांगलादेश घ्या. २६ मार्च १९७१ ला स्वातंत्र्य जाहीर झालं. भारताने निर्वासितांना आसरा दिला, मुक्तिवाहिनीला मदत केली, मान्यता मात्र रोखून धरली. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं आणि ६ डिसेंबरला इंदिरा गांधींनी लोकसभेत मान्यता जाहीर केली. भूतानने त्याच दिवशी दिली. अमेरिकेने एप्रिल १९७२ मध्ये, खुद्द पाकिस्तानने फेब्रुवारी १९७४ मध्ये, चीनने ऑगस्ट १९७५ मध्ये. आता सांगा, बांगलादेश 'मान्यताप्राप्त' कधी झाला? युनोचं सभासदत्व हा वेगळाच अर्ज. तिथे १९७२ मध्ये चीनने नकाराधिकार वापरून अडवलं, १७ सप्टेंबर १९७४ ला प्रवेश मिळाला. म्हणजे युनोत बसला तेव्हाही चीनची मान्यता नव्हतीच.

म्हणून नुसतं 'मान्यताप्राप्त देश' हे विशेषण मला खटकतं. कोणाची मान्यता, ते लिहिलंच पाहिजे. कोसोवोने फेब्रुवारी २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. अमेरिकेच्या लेखी तो देश आहे, भारताने मान्यता दिलेली नाही.

शिरपूर :
मग आमची अहिराणी बरी. 'भाऊबंद मानतस का?' असंच विचारतात. मानणारा कोण, ते आधी येतं. 'मान्यता' हे नाम आलं की कर्ता गायब, आणि सरकारी मराठीला तेच हवं असतं.

चोपडा :
तत्त्वतःचं राहिलं. तत्त्वतः आणि डी फॅक्टो एक तर नाहीतच, जवळजवळ उलटे आहेत. मंत्रिमंडळाने पुलाला तत्त्वतः मान्यता दिली, म्हणजे कागदावर होकार आणि नदीत खांब एकही नाही. डी फॅक्टो म्हणजे वस्तुतः : जमिनीवर तुमची सत्ता दिसते, व्यवहार तुमच्याशी करू, कायद्याचा शिक्का नंतर बघू. अमेरिकेने १४ मे १९४८ ला इस्रायल जाहीर झाल्यावर काही मिनिटांतच तिथल्या हंगामी सरकारला अशी वस्तुतः मान्यता दिली. विधिवत, म्हणजे डी ज्युरे, ३१ जानेवारी १९४९ ला. सोव्हिएत संघाने मात्र १७ मे १९४८ लाच थेट विधिवत देऊन टाकली. भाऊ वेगळा झाला, बांध घातला, कापूस त्याच्या नावाने विकला जातो, पण सातबाऱ्यावर अजून बापच, ती वस्तुतः. फेरफार मंजूर झाला की विधिवत. फक्त देशांना तलाठी नसतो, हे धुळेकरांचं म्हणणं धरून चाला.

अमळनेर :
एक पुस्ती. मान्यता आणि राजनैतिक संबंध ही दोन वेगळी कामं आहेत, परीक्षेत यावर हमखास गाडी घसरते. भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० ला मान्यता दिली. १९५३ मध्ये इस्रायलची वाणिज्य दूत कचेरी (कॉन्सुलेट) मुंबईत उघडली. पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळले जानेवारी १९९२ मध्ये. एकेचाळीस वर्षं मान्यता होती, दिल्लीत राजदूत नव्हता. त्यामुळे जळगावच्या ताईंच्या मथळ्यातलं 'राजनैतिक मान्यता' हेसुद्धा जरा सैलच. नुसतं 'मान्यता' पुरतं.

जळगाव :
सगळ्यांचे आभार. मग असं लिहू का : '६ डिसेंबर १९७१ रोजी भारताने बांगलादेशला सार्वभौम देश म्हणून मान्यता दिली.' देणारा आला, तारीख आली.

भुसावळ :
लिहा. फक्त 'बांगलादेशाला' करा.

शिरपूर :
'बांगलादेशला'च बरोबर, विशेषनाम आहे. भारतला म्हणतो का पण आपण... थांबा, याचा वेगळा धागा काढतो.