शब्दचर्चा : 'साटेलोटे' की 'कुडमुडी भांडवलशाही'?

प्रश्न : सत्तेच्या वळचणीला राहून वाढलेल्या उद्योगांबद्दल लिहिताना वर्तमानपत्रांत 'कुडमुडी भांडवलशाही' असा शब्द दिसतो. 'क्रोनी कॅपिटॅलिझम'साठी तो बरोबर आहे का? आणि या सगळ्याला सरळ 'भ्रष्टाचार' म्हटलं तर काय बिघडतं?

उत्तर : 'कुडमुडी' कानाला चांगला लागतो, पण नेम चुकतो. कुडमुडं वाजवत दारोदार भविष्य सांगणारा तो कुडमुड्या जोशी. त्यावरून कुडमुडा म्हणजे अर्धवट, दिखाऊ, नावापुरता. स्पर्धा नावापुरतीच उरते, एवढ्यापुरता तो लागू पडतो. पण इथली मंडळी तकलादू कुठे असतात? त्यांच्यापुढे सरकारं नमतात. शिवाय 'क्रोनी' म्हणजे जवळचा दोस्त. त्या शब्दाचा सगळा रोख नात्यावर आहे आणि 'कुडमुडी'त नात्याचा मागमूस नाही.

म्हणून मला 'साटेलोटे' पटतो. दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना म्हणून करून घेणं हा त्याचा मूळ अर्थ. देणंही आहे, घेणंही आहे, आणि व्यवहार नात्याआड झाकलेला आहे.

'भ्रष्टाचार' म्हटल्याने बिघडतं ते हे, की वाचक लगेच पैशांचं पाकीट शोधू लागतो. फिलिपिन्सचं उदाहरण घ्या, कारण हा इंग्रजी शब्दप्रयोग तिथले राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीवर (१९६५ ते १९८६) लिहिताना रूढ झाला. तिथल्या नारळ उत्पादकांच्या खोबऱ्यावर लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, बसली. कारण सांगितलं गेलं त्यांच्याच भल्याचं. त्या पैशातून एक बँक घेतली गेली आणि तिची सूत्रं गेली एदुआर्दो कोहुआंको या मार्कोस यांच्या निकटवर्तीय उद्योगपतीकडे. पुढे त्याच निधीतून सॅन मिगेल या बलाढ्य कंपनीचे शेअर विकत घेतले गेले. लेव्ही आणि बँकेची खरेदी, दोन्हींमागे अध्यक्षांचे रीतसर हुकूमनामे होते. त्यातल्या मोठ्या हिश्शाचे शेअर सरकारचे, आणि ते नारळ शेतकऱ्यांच्या भल्यासाठीच वापरायचे, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१२ मध्ये आला. लेव्ही भरणाऱ्यांची एक पिढी तोवर सरली होती. याला 'लाच' म्हणता येत नाही. 'साटेलोटे' म्हणता येतं.

दुसरं उत्तर : सहमत, पण 'लाच' इतक्या लवकर सोडून देऊ नका. लाच नेहमी टोपणनावाने वावरते, आणि ती टोपणनावं हा शब्दचर्चेचाच विषय आहे. लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीने जपानमध्ये विमानं खपवण्यासाठी पैसे चारले, तेव्हा पावत्यांवर 'शेंगदाणे' लिहिलं जायचं; शंभर शेंगदाणे म्हणजे दहा कोटी येन. १९७६ मध्ये माजी पंतप्रधान तानाका यांना अटक झाली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने परदेशातल्या लाचेविरुद्ध कायदा केला. त्यातही नेहमीचं काम लवकर उरकून देण्यासाठीच्या चिरीमिरीला सूट आहे. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्याने ती दिली नाही. जर्मनीत परदेशी दिलेल्या लाचेचं नावच 'उपयुक्त खर्च' होतं आणि १९९९ पर्यंत ती करातून वजाही होत असे! आपले 'चहापाणी' आणि 'टक्केवारी' याच घराण्यातले. बातमी लिहिणाऱ्याने निदान असे शब्द अवतरणात टाकून शेजारी 'लाच' लिहावं. नाहीतर आपणही त्या पावतीवर सही केल्यासारखं होतं.

प्रश्नकर्ता : आभार. मग 'एथिकल लीडरशिप'ला 'नैतिक नेतृत्व' चालेल?

उत्तर : चालेल, पण ओठातून येत नाही. मराठीत 'नैतिक' सर्वांत जास्त कानावर पडतो तो 'नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा' या ठरावीक वाक्यात. तिथे त्याचा अर्थ जवळजवळ असा झाला आहे, की कायद्याने माझ्याकडे बोट दाखवता येत नाही, तरी मी जातो. सगळं घडून गेल्यावर दाराशी उच्चारायचा शब्द. आपल्याला हवा आहे तो कंत्राट हातचं जात असताना 'जाऊ दे' म्हणणाऱ्या माणसासाठीचा शब्द, आणि तो आपल्याकडे आधीपासून आहे : सचोटी. 'सचोटीचा माणूस', 'सचोटीने धंदा केला' हे कुणालाही फोड करून सांगावं लागत नाही.

अडचण एकच. सचोटी एकट्या माणसाची असते, कंपनीची नाही. सीमेन्स या जर्मन कंपनीचं लाचखोरीचं प्रकरण बाहेर आल्यावर २००७ मध्ये तिथे पहिल्यांदाच बाहेरून प्रमुख आणला गेला. जे कर्मचारी पुढे येऊन खरं सांगतील त्यांना कंपनीने मर्यादित काळासाठी अभय दिलं, आणि वरच्या फळीतल्यांना त्यातून मुद्दाम वगळलं. पुढच्या वर्षापर्यंत अमेरिका आणि जर्मनीत मिळून सुमारे १६० कोटी डॉलर भरावे लागले ते लागलेच. अशा ठिकाणी मी 'चोख कारभार' म्हणेन. व्यक्तीबद्दल बोलताना सचोटी, संस्थेबद्दल बोलताना चोख कारभार. 'नैतिक नेतृत्व' अभ्यासक्रमाच्या शीर्षकात राहू द्या.