2851 उघडून बघा: मागण्यांवरची चर्चा आणि लहान उद्योगांचे अडकलेले पैसे

जमाखर्च

"विधानसभेत विभागांच्या मागण्यांवर बोलणं म्हणजे वेळ वाया घालवणं. लहान उद्योजकाला खरंच मदत करायची असेल तर चर्चा गुंडाळा, अनुदान दुप्पट करा आणि थेट खात्यात टाका." कालपासून हा मजकूर फिरतोय आणि धंद्यातली जाणती माणसंसुद्धा त्याखाली 'शंभर टक्के सहमत' लिहितायत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? राज्याच्या अर्थसंकल्पात उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभागाच्या 'के' मालिकेतल्या मागण्या, म्हणजे विभाग खर्चासाठी सभागृहाकडे मंजुरी मागतो त्या रकमा, उघडा. मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, 2851, ग्रामोद्योग व लघुउद्योग. योजनेच्या नावाखाली '33, अर्थसहाय्य' अशी ओळ सापडेल. तिच्यासमोर चार आकडे असतात: मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बहुतेक लोक शेवटचा आकडा वाचून टाळ्या वाजवतात. पहिले तीन वाचा. सुधारित अंदाज खाली आलाय म्हणजे वर्ष संपायच्या आत कात्री लागली. प्रत्यक्ष खर्च त्याच वर्षाच्या सुधारित अंदाजाहून खाली म्हणजे निधी वितरितच झाला नाही, किंवा मार्चमध्ये समर्पित झाला, म्हणजे न वापरता परत केला.

आणि आकडे हजारांत असतात. एखाद्या योजनेपुढे नुसता 1 छापलेला असेल तर ती 1 हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद. लेखाशीर्ष उघडं ठेवलंय, पैसा नाही. भाषणात मात्र योजना 'सुरू' असते. याची दुप्पट 2 हजार रुपये होते, एवढं लक्षात घ्या.

2024 चा अर्थसंकल्प 28 जूनला मांडला गेला आणि पंधरवडा उलटायच्या आत 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. 2025-26 चा 7,00,020 कोटींचा अर्थसंकल्प 10 मार्चला आला, 30 जूनला 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या. मूळ अंदाज इतका हलत असताना 'का हलला' हे विचारायची एकमेव जागा बंद करा म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

रोकडा

तो मजकूर मला पटला, मी तो पुढे पाठवला, आणि अजूनही पटतो. पुस्तक वाचायला तुम्ही छान शिकवलंत, पण त्या चर्चेत काय होतं हेही लिहा ना. एकाच दिवशी अनेक विभागांच्या मागण्या एकत्र चर्चेला. प्रत्येक सदस्याला मोजकी मिनिटं, त्यात तो आपल्या मतदारसंघातला रस्ता, पाणी, रुग्णालय मांडणार. 2851 चा उल्लेख तरी होतो का? शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की गिलोटिन. उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना मताला. हजारो कोटी काही मिनिटांत मंजूर.

याला छाननी म्हणायचं असेल तर म्हणा. उद्योजकाला तिचा उपयोग शून्य. त्यापेक्षा अनुदानाची साखळी तोडा. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम घ्या. उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प, 15 ते 35 टक्के मार्जिन मनी, म्हणजे सरकारी अनुदान. ती रक्कम उद्योजकाच्या हातात येतच नाही. कर्ज देणाऱ्या बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहते. मग प्रत्यक्ष पडताळणी, आणि मग कर्जखात्यात वळती. पडताळणीला कोणी फिरकलं नाही तर पुढे सगळं लटकलं.

कोषागारकर

'थेट खात्यात टाका' हे वाक्य लिहिणाऱ्याने देयक कसं निघतं ते एकदा समजून घ्यावं. सभागृहाने मागणी मंजूर केली म्हणजे पैसे आले असं नाही. वित्त विभाग बीम्स या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर निधी टप्प्याटप्प्याने खुला करतो. तिथून प्रशासकीय विभाग, मग नियंत्रक अधिकारी, मग आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयाची देयकं काढणारा. त्या अधिकाऱ्याच्या नावे प्रणालीवर तरतूद उतरली की प्राधिकारपत्र, म्हणजे खर्चाची परवानगी, निघतं, ते देयकाला जोडायचं, आणि मग कोषागारात टोकन क्रमांक. लाभार्थ्याच्या खात्यात थेट जमा करायची असली तरी रक्कम याच वाटेने जाते.

कुठे अडतं? तरतूद '31, सहायक अनुदाने' खाली आणि देयक '33, अर्थसहाय्य' खाली काढलं की आक्षेप लागून परत. पुनर्विनियोजनाचा, म्हणजे पैसा एका शीर्षातून दुसऱ्यात वळवायचा, आदेश निघेपर्यंत महिना जातो. फेब्रुवारीत निधी खुला झाला तर सगळ्यांची देयकं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम येतात. 31 मार्चला जे निघालं नाही ते व्यपगत, म्हणजे ती तरतूद बुडाली. मग एखादा विभाग ती रक्कम महामंडळाच्या बँक खात्यात टाकून 'खर्ची' दाखवतो, आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा खरंच वापरल्याचा दाखला, राहून जातं. महालेखापालांच्या अहवालांत हे आक्षेप वर्षानुवर्षं येतायत.

अनुदान दुप्पट केलंत तर मार्चमध्ये व्यपगत होणारी रक्कम दुप्पट होईल. कर्मचाऱ्यांना शिव्या देण्याआधी निधी कोणत्या महिन्यात खुला झाला ते बघा. बीम्सवरचे खर्चाचे अहवाल कोणालाही उघडता येतात.

उद्यमवाट

अनुदान, अनुदान काय लावलंय सगळ्यांनी? या राज्यात उलटं चाललंय. लहान उद्योग सरकारी यंत्रणांना बिनव्याजी कर्ज देतायत! एखाद्या कारखान्याचं 10 लाखांचं बिल नऊ महिने अडकलं आणि त्याचं रोख कर्ज 12 टक्क्यांचं असेल, तर 90 हजार रुपये व्याज त्याने स्वतःच्या खिशातून भरलं. ते कोणत्या लेखाशीर्षात दिसतं, जमाखर्च?

2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याचं कलम 15 म्हणतं, माल घेणाऱ्याने पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. पुढे कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक दर 6.75 होता तेव्हा हे व्याज 20.25 टक्के. 10 लाखांवर वर्षाचे जवळजवळ 2 लाख 22 हजार. मागितलं कोणी? मागितलं की पुढची ऑर्डर जाते, म्हणून कोणी मागत नाही.

रोकडा

विषयाला फाटा फुटतोय, पण उत्तर देतो. कायदा आहे, थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारी सुविधा परिषद आहे, प्राप्तिकर कायद्यात कलम 43बी(एच) आलं. 45 दिवसांत दिलं नाही तर खरेदीदाराला त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. खासगी कंपन्या मार्चआधी धावत पैसे देऊ लागल्या. म्हणजे नियम नीट केला की काम होतं. त्याला सभागृहातली भाषणं लागत नाहीत.

उद्यमवाट

सरकारी विभाग वजावट मागायला प्राप्तिकर विवरणपत्र भरतो का? 43बी(एच) चा धाक नफ्यावर कर भरणाऱ्याला. कार्यकारी अभियंत्याला किंवा जिल्हा शल्यचिकित्सकाला त्याचं काय? शिवाय तो नियम सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरता, मध्यम बाहेर. व्यापारीही बाहेर, कारण त्यांची उद्यम नोंदणी (केंद्राकडची लहान उद्योगांची नोंदणी) प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच धरली जाते. ट्रेड्सचंही, म्हणजे बीजकावर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेचंही, तेच. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्या आणि केंद्राचे उपक्रम यांना नोंदणी सक्तीची, राज्याच्या विभागाला नाही.

अर्धवट माहितीवर 'नियम नीट केला की काम होतं' लिहू नका. लोक वाचून पुरवठा करतात आणि बुडतात.

रोकडा

अर्धवट कोण ते दिसेलच. इथे सल्लागार मंडळींना प्रक्रिया जितकी किचकट तितकी फी जास्त. म्हणून सरळ उपाय सांगितला की झोंबतं.

उद्यमवाट

फीचा विषय काढलाच आहात तर ज्यासाठी कोणी फी घेऊ नये ते सगळं इथेच लिहिते. कोणीही उतरवून घ्या.

पुरवठ्याच्या आधी उद्यम नोंदणी हवी. बिल अडकल्यावर नोंदणी करून परिषदेकडे गेलात तर आधीच्या पुरवठ्याला संरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालात आलंय. बीजकावर उद्यम क्रमांक छापा.

माल पोचल्याची तारीख मालासोबतच्या चलनावर शिक्क्यासकट घ्या. नुसती सही पुरत नाही, सही करणारा उद्या बदलून जातो. खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं कायदा धरतो. सरकारी भांडारात नेमकं इथेच घोडं अडतं. 'तपासणी व्हायचीय' म्हणून माल तीन-तीन महिने कोपऱ्यात ठेवतात आणि तपासणी अहवालाची तारीख हीच स्वीकृतीची तारीख धरतात. सोळाव्या दिवशी पत्र द्या: हरकत आलेली नाही, सबब कलम 2 प्रमाणे माल स्वीकृत. पोच घ्या. पुढची सगळी लढाई त्या एका पोचवर उभी राहते.

मग सुविधा परिषदेकडे अर्ज. सोबत खरेदी आदेश, बीजक, चलन, ते पत्र, व्याजाचा तक्ता. आधी सलोखा, मग लवाद. कायद्यात 90 दिवस लिहिलेत आणि ते पाळले जात नाहीत. निवाडा झाल्यावर खरेदीदाराला आव्हान द्यायचं तर कलम 19 प्रमाणे 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. लहान माणसाच्या हातातलं हे सगळ्यात मोठं हत्यार. यासाठी तरी अर्ज करा.

गॅलरीतून

यात एक मोठं भगदाड आहे, ते सांगायलाच हवं. हे सगळं मालाला आणि सेवेला. रस्ता, इमारत, पाणीयोजना अशा कामांच्या कंत्राटांना हा कायदा लागू नाही असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेत. म्हणजे राज्यात सगळ्यात जास्त थकलेला जो वर्ग, छोटा कंत्राटदार, त्याला परिषदेचं दारच बंद. मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे, उपअभियंत्याची सही आहे, आणि निधी नाही. 2025 मध्ये कंत्राटदार संघटना रस्त्यावर उतरल्या त्या याच कारणाने.

दुसरं, परिषदेचा अध्यक्ष कायद्यानेच राज्याच्या उद्योग खात्यातला. तो राज्याच्याच दुसऱ्या विभागाविरुद्ध निवाडा देणार. त्याला पूर्णवेळ माणसं किती, प्रकरणं किती तुंबलीत, हे विचारायची जागा उद्योग विभागाची मागणी हीच. रोकडा, इथे तुमचा मुद्दा कोसळतो.

गिलोटिनबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र खरं आहे, आणि त्यावर उत्तर आहे. संविधानाच्या अनुच्छेद 203 प्रमाणे मागण्यांवर मत फक्त विधानसभेत, विधान परिषदेत नाही. विधानसभा सदस्याच्या हातात कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असा प्रस्ताव, असते. धोरणच अमान्य असेल तर मागणी 1 रुपयावर आणा, एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर 100 रुपयांनी कमी करा. सूचना मंजूर होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तक्रार नावानिशी कागदावर येते आणि विभागाला तिचं टिपण तयार करावं लागतं. संसदेत 1993 पासून विभागवार स्थायी समित्या मागण्या तपासतात, केरळात 1980 पासून विषय समित्या. समितीपुढे सचिवाला ओळीगणिक उत्तर द्यावं लागतं, तिथे रस्ता-पाणी चालत नाही. मागायचंच तर हे मागा. चर्चा बंद करायला काय सांगताय?

जमाखर्च

उद्यमवाट यांनी मला विचारलं होतं, ते व्याज कोणत्या लेखाशीर्षात दिसतं. कुठेच दिसत नाही. आपला अर्थसंकल्प रोखीवर चालतो. दिलेलं दिसतं, देणं दिसत नाही. मार्चला न दिलेलं बिल एप्रिलमध्ये नव्या तरतुदीतून भागवतात आणि नव्या वर्षाचा निधी जुन्या देण्यात जातो. मग डिसेंबरात पुन्हा खडखडाट. नगरपालिका, जिल्हा परिषदा, महामंडळांची देणी तर या पुस्तकात येतही नाहीत. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. माझ्या पहिल्या प्रतिसादात सगळा भर अनुदानावर गेला.

रोकडा

बरं. चर्चा बंद करा हे मागे घेतो. अनुदान दुप्पट करा हेही तूर्त बाजूला ठेवतो. फीचं बोललो ते चुकलंच. पण मागण्यांवरची चर्चा आज आहे त्या रूपात निरुपयोगी आहे, यावरून मी हटणार नाही. नुसतं 'विचारा' म्हणू नका, आमदाराच्या हातात द्यायला एक वाक्य द्या. मी आमच्या भागातल्या दोघांना पोचवतो.

गॅलरीतून

घ्या: "मागणी क्रमांक अमुक 100 रुपयांनी कमी करण्यात यावी. सूक्ष्म व लघु उद्योगांची 45 दिवसांहून अधिक काळ प्रलंबित देयके अदा करण्यात विभागाला आलेले अपयश." प्रत्येक खरेदी करणाऱ्या विभागाच्या मागणीवर वेगळी सूचना. आरोग्य, शालेय शिक्षण, आदिवासी विकास, गृह. फक्त उद्योग विभागावर देऊन उपयोग नाही, पैसे त्यांनी थकवलेले नसतात.

कोषागारकर

'प्रलंबित देयके' हा शब्द काढा. विभाग उत्तर देईल की कोषागारात एकही देयक प्रलंबित नाही, आणि ते खरं असेल. देयक कोषागारात येतं प्राधिकारपत्र निघाल्यावर. त्याआधी ते बीजक म्हणून कार्यालयाच्या कपाटात असतं. असं लिहा: "माल अथवा सेवा स्वीकारल्याच्या दिनांकापासून 45 दिवसांत रक्कम अदा न झालेली बीजके, कार्यालयनिहाय संख्या व रक्कम." आणि 'स्वीकारल्याच्या' पुढे कलम 2 चा उल्लेख करा, नाहीतर तपासणी अहवालाची तारीख धरून यादी अर्धी करतील.